इफिसची पांढरी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १९:२३ ते ४१, प्रकटीकरण २:१ ते ७.



पांढरी म्हणजे काय, हे आपल्या हिंगोली जिल्ह्यातील वाचकांस समजावून सांगावे लागत नाही. काळी ती पिकाची आणि पांढरी ती वस्तीची, हे आपले लेकरूही जाणते. कयाधूच्या, पूर्णेच्या आणि पैनगंगेच्या काठची कित्येक गावे उंचवट्यावर बसलेली आहेत, व तो उंचवटा देवाने निर्माण केलेला डोंगर नसून आपल्याच पूर्वजांच्या पडक्या भिंतींचा, चुलींच्या राखेचा आणि गोठ्यांच्या उकिरड्याचा ढीग आहे. एक घर पडले, त्यावर दुसरे उभे राहिले; तेही पडले, त्यावर तिसरे. म्हणून ती माती पांढुरकी. धाब्यावर टाकावयास ती खणून आणताना कुदळीला खापऱ्या लागतात, काचेच्या बांगडीचा तुकडा लागतो, एखादा मणी निघतो. आपण तो क्षणभर हातात धरून पाहतो आणि टाकून देतो. (जाता जाता एक सूचना. सोनेनाणे किंवा मोलाची वस्तू निघाल्यास ती वाटून घेऊ नये. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, असा १८७८ सालापासूनचा कायदा आहे.)

आपण जे टाकून देतो तेच उचलून जपणारे लोकही आहेत. आपल्या जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि त्या नामदेवांना कच्चे मडके ठरविणारे गोरोबाकाका कुंभार धाराशिव जिल्ह्यातील तेरचे, ही कथा गावोगावच्या कीर्तनांत सांगतात. त्या तेर गावात तेरणेच्या काठी मोठमोठी पांढरीची टेकाडे आहेत. तेथील रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी पावसाने उघडी पडलेली खापरे, मणी, मातीच्या बाहुल्या आणि हस्तिदंती मूर्ती वर्षानुवर्षे वेचून ठेविल्या. त्यांचेच आज तेरला संग्रहालय झाले आहे. १९५८ साली तेथे शास्त्रीय रीतीने उत्खनन झाले, पुढेही झाले, आणि विटांच्या एका बौद्ध स्तूपाचे अवशेषही निघाले. हे गाव म्हणजेच प्राचीन तगर होय, असे फ्लीट नावाच्या विद्वानांनी १९०१ साली दाखवून दिले होते.

तगर हे नाव ग्रीक लोकांस ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातील एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक पोथी लिहिली. तीत तो सांगतो की भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, आणि तगराचे कापड गाड्यांत घालून बिकट वाटांनी बंदरावर नेतात. कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवरही कोरलेले आहे की अमुक खांब धेनुकाकटाच्या अमुक यवनाचे दान आहे. कोठला तो मनुष्य, आणि कोठे येऊन बुद्धाच्या चैत्यगृहास त्याने खांब दिला! मनुष्य कितीही दूर गेला तरी हात जोडावयास जागा शोधतो, हे त्या दगडावर आजही वाचावयास मिळते.

आपल्या कपाशीचे कापड ज्या दिवसांत गाडीवाटेने भडोचेकडे जात होते, साधारण त्याच दिवसांत, म्हणजे सन ५२ ते ५५ च्या सुमारास, तार्सस गावचा एक तंबू करणारा कारागीर ग्रीक लोकांच्या इफिस नगरात राहत होता. त्याचे नाव पौल. आज आम्ही त्या इफिसच्या पांढरीविषयी बोलणार आहो.

इफिस हे आशिया प्रांतातील मोठे बंदर. आज ती जागा तुर्कस्तानात आहे. नगराबाहेर अर्तमी देवीचे मंदिर होते, आणि जगातील सात आश्चर्यांत त्याची गणना होत असे. प्लिनी नावाच्या रोमी ग्रंथकाराने त्याची लांबी ४२५ फूट, रुंदी २२५ फूट आणि खांब १२७ दिले आहेत. एकेक खांब साठ फूट उंच. त्याहून जुने मंदिर ख्रिस्तापूर्वी ३५६ साली एका मनुष्याने केवळ आपले नाव व्हावे म्हणून जाळून टाकले होते. त्याचे नाव कोणी उच्चारू नये असे इफिसकरांनी ठरविले, तरी पुस्तकांतून ते उरलेच. आम्ही ते येथे देत नाही. नगराने मंदिर पुन्हा बांधले, पहिल्यापेक्षाही भव्य.

पौलाने तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे शिकविले. पुढे काय झाले ते शास्त्रपाठात आहेच. देमेत्रिय नावाचा सोनार देवीचे रुप्याचे देव्हारे करीत असे. लोक देव्हारे घेईनासे झाले तर आपल्या पोटाचे काय, या भयाने त्याने कारागीर जमविले, नगरात गोंधळ माजला, आणि गायस व अरिस्तार्ख यांना ओढीत लोक नाटकगृहात शिरले. दोन तास देवीच्या नावाचा गजर चालला. बहुतेकांस आपण कशाकरिता जमलो हेही ठाऊक नव्हते, असे लूक लिहितो. हे वाचताना आम्हास दर वेळी हसू येते आणि दर वेळी भयही वाटते. ते नाटकगृह आज खणून मोकळे झाले आहे. डोंगराच्या कुशीत कोरलेल्या त्याच्या पायऱ्यांवर चोवीस हजारांच्या आसपास माणसे बसत.

मंदिर मात्र नाहीसे झाले होते. इतके, की त्याची जागाही कोणास दाखविता येईना. जॉन टर्टल वूड नावाचा एक इंग्रज वास्तुशिल्पकार स्मिर्ना ते आयदिन या आगगाडीच्या स्थानकांचे काम करावयास तिकडे गेला होता. त्याच्या मनाने घेतले की हे मंदिर आपण शोधावयाचे, आणि १८६३ साली ब्रिटिश म्युझियमच्या साह्याने त्याने खणण्यास आरंभ केला. वर्षामागून वर्षे चर खणले, मंदिर काही लागले नाही. मग १८६६ साली नाटकगृह खणताना तेथे एक लांबलचक शिलालेख निघाला. सालुतारिस नावाच्या एका रोमी धनिकाने सन १०४ मध्ये सोन्यारुप्याच्या मूर्ती अर्पण केल्या होत्या, आणि त्या मिरवीत कोणत्या वाटेने न्याव्या हे त्यात लिहिले होते. मंदिरातून निघावे, मग्नेसिया वेशीने नगरात यावे, नाटकगृहात थांबावे, दुसऱ्या वेशीने बाहेर पडून परत मंदिरात जावे. आपल्याकडील कोणत्याही म्हाताऱ्यास विचारा, पालखी कोणत्या वेशीने येते आणि कोणत्या वेशीने जाते हे ठाऊक असले की देऊळ कोणत्या दिशेस आहे ते आंधळाही सांगेल. वूडने तेच केले. त्याने मग्नेसिया वेस शोधून काढली आणि तेथून दगडी फरसबंदीची वाट धरून तो खणत खणत निघाला. १८६९ सालच्या मे महिन्यात त्यास मंदिराच्या आवाराची भिंत लागली; ती ऑगस्टस बादशहाने बांधविली असा लेखच तीवर होता. आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, सुमारे वीस फूट गाळाखाली, मजुरांच्या कुदळी संगमरवरी फरशीवर वाजल्या.

त्याच्यानंतर १९०४ व १९०५ साली हॉगर्थ नावाच्या विद्वानांनी पंपाने पाणी उपसून आणखी खाली खणले, तो मंदिराखाली मंदिर आणि त्याखाली आणखी जुनी पूजास्थाने निघाली. अगदी तळाच्या चौथऱ्यापाशी लहान लहान वस्तू होत्या : सोन्याच्या टाचण्या, मणी, राळेसारख्या पिवळ्या तृणमण्यांचे अलंकार, आणि सोन्यारुप्याच्या मिश्रणाची नाणी, जी जगातील अतिप्राचीन नाण्यांपैकी होत. अर्तमी ही बाळंतिणींची रक्षक मानली जाई. त्या टाचण्यांपैकी एखादी कोणा आईने भीत भीत वाहिली असेल. आमचा विश्वास तिच्या देवीवर नाही. परंतु तिच्या भीतीस हसावे असे आमच्याने होत नाही. प्रसूतीच्या रात्री बैलगाडीतून दवाखान्याची वाट धरणारी माणसे आम्ही आपल्याच जिल्ह्यात पाहिली आहेत.

आता ज्यासाठी हे सर्व सांगितले त्याकडे येतो.

इफिसच्या या शोधाविषयी उपदेश करण्याची एक ठरलेली रीत आहे, आणि ती आम्हीही पाळीत आलो. ती अशी : पाहा, ज्या देवीपुढे सारे आशिया लवत होते तिचे मंदिर वीस फूट गाळात गेले, आणि ज्यास त्यांनी हुसकावले त्या तंबूवाल्याची पत्रे आज आपल्या जिल्ह्यातील झोपडीतही वाचली जातात. एवढे बोलावे, मंडळीने माना डोलवाव्या, आणि गीत म्हणून घरी जावे. यात असत्य काही नाही. परंतु हे अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे फार बोचणारे आहे. खणणाऱ्यांनी तेथे एवढेच काढले नाही. १८९५ सालापासून ऑस्ट्रिया देशाचे विद्वान इफिस नगर खणीत आहेत, आणि त्यांनी जे काढले त्यात आपल्या ख्रिस्ती लोकांचे अवशेषही आहेत.

नगरात मरियेच्या नावाचे मोठे ख्रिस्तमंदिर निघाले. सन ४३१ मध्ये सर्व जगातील अध्यक्षांची सभा इफिसला भरली ती याच स्थानाशी जोडली जाते. त्याचे छप्पर नाही, भिंती पडक्या. खांबांमधून गवत उगवते. जवळच्या टेकडीवर जस्टिनियन बादशहाने योहानाच्या नावे बांधविलेले विशाल ख्रिस्तमंदिरही असेच पडलेले आहे. अर्तमीच्या देवळाची लूट तिसऱ्या शतकात गॉथ टोळ्यांनी केली आणि पुढे त्याचे दगड लोकांनी नेले. आमच्या मंदिरांची गतीही निराळी झाली नाही. दोन्ही एकाच पांढरीत आहेत. कुदळ कोणाचा पक्ष घेत नाही.

नगराच्या मुख्य रस्त्यावर दगडाचा एक चौथरा सापडला. देमेयास नावाच्या एका ख्रिस्ती मनुष्याने त्यावर कोरले आहे की आपण अर्तमीची मूर्ती उखडून टाकिली आणि तेथे वधस्तंभाचे चिन्ह उभारले. मूर्तीस त्याने मोठे कठोर शब्द वापरले आहेत. तेव्हा राज्य ख्रिस्ती बादशहाचे होते. त्याला अडविणारा कोणी नव्हता. हा शिलालेख शेजारी ठेवा आणि कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायातील सदतिसावे वचन पुन्हा वाचा. नगराचा चिटणीस, जो ख्रिस्ती नव्हता, भर सभेत साक्ष देतो की या मनुष्यांनी देवळे लुटली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केली नाही. ध्यानात घ्या, बंधूंनो. पौल त्या नगरात दोन वर्षांहून अधिक राहिला, हातांनी केलेले देव हे देव नव्हेत असे स्पष्ट शिकविले, आणि तरीही परक्या अधिकाऱ्यास शपथेवर म्हणता येईल इतक्या खात्रीने म्हणता आले की याने निंदा केली नाही. सत्य सांगणे एक आणि शेजाऱ्याचे काळीज दुखविणे दुसरे, ही रेघ त्यास ओळखता येत होती. देमेयासास ती दिसेनाशी झाली होती.

आम्हासही ती एके काळी दिसत नव्हती. उमेदवारीच्या दिवसांत आम्ही दोघेतिघे जत्रेच्या वाटेवर डफ घेऊन उभे राहत असू, आणि शुभवर्तमान सांगण्यास जितका वेळ देत असू त्याहून अधिक वेळ लोकांच्या दैवतांची थट्टा करण्यात घालवीत असू. त्या वयात टाळ्या मिळाल्या की आत्मा आला असे वाटते. एकदा दुपारच्या उन्हात आमचा घसा बसला. झाडाखाली टेकलेला एक म्हातारा यात्रेकरू उठला, आपल्या तांब्यातले पाणी आम्हास दिले, आम्ही पिईपर्यंत उभा राहिला, आणि मग म्हणाला, "मास्तर, तुमच्या देवाचं सांगा की. आमच्या देवाचं आम्हाला ठाऊक हाय." एवढे बोलून तो आपल्या वाटेने गेला. त्या दिवशी थापटणे डोक्यावर बसले आणि मडके कच्चे निघाले. ज्यास ख्रिस्ताचे नाव सांगावयाचे त्याच्या हातचे पाणी पिऊन आम्ही त्यास काहीच सांगितले नव्हते.

आणखी एक गोष्ट खणणाऱ्यांच्या हाती लागली. १९५६ साली इफिसच्या नगरसभेच्या जुन्या इमारतीत अर्तमीच्या मोठाल्या संगमरवरी मूर्ती निघाल्या. त्यांतील एक कोणीतरी काळजीपूर्वक जमिनीत निजवून मातीने झाकली होती, असे दिसून आले. कोणी पुरली, हे लिहिलेले नाही. एखाद्या भक्ताने रडत रडत पुरली असेल. किंवा, आम्हास असे मानावयास आवडते, की एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याने त्यास खड्डा खणू लागावयास मदत केली असेल. तसे झाले असल्यास तो मनुष्य देमेयासापेक्षा पौलाच्या अधिक जवळचा होता.

मग इफिसच्या मंडळीचे काय झाले? याचे उत्तर प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पौल तेथून गेल्यावर सुमारे चाळीस वर्षांनी ते पत्र लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात प्रभू या मंडळीच्या श्रमांची वाखाणणी करितो, तिच्या धीराची करितो, खोट्या प्रेषितांस पारखून दूर केल्याबद्दल तिला शाबासकी देतो. कामात कसूर नाही, शिकवणीत भेसळ नाही. तक्रार एकच : पहिली प्रीती तिने सोडली. आणि पश्चात्ताप न केल्यास समई जागेवरून काढून घेण्याची धमकी. देऊळ उभे राहील की पडेल याविषयी त्या पत्रात अवाक्षर नाही. समईविषयी आहे.

आपल्या गावांतील मंडळ्यांकडे पाहता हे वाचन आम्हास झोंबते. कोठे चार घरे, कोठे सहा. तरणी मुले पुण्यास आणि संभाजीनगरास कामास गेली. सणास येतात, परततात. प्रार्थनागृहाचे पत्रे गळतात, म्हणून वर्गणी जमवितो, आणि वर्गणीच्या हिशेबावरून दोन भावांत बोलणे बंद होते. एका गावी आम्ही रविवारी गेलो तर उपासनेस दोन किल्ल्या लागल्या, कारण दोन पक्षांनी दाराला आपापले कुलूप लाविले होते. गावाचे नाव सांगत नाही, वाचणाऱ्यांस कळेल. दोन्ही पक्षांस शास्त्र तोंडपाठ, दोन्ही पक्षांची शिकवण शुद्ध, आणि दोघांच्या मधोमध राहणारी एक विधवा भगिनी तापाने पडली होती, तिला तीन दिवस पेज नेऊन दिली ती शेजारच्या हिंदू घरातल्या सुनेने. त्या दिवशी आम्ही लिहून नेलेला उपदेश वाचला नाही. प्रकटीकरणातील ती सात वचने वाचली आणि खाली बसलो. पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. मग एका म्हाताऱ्या वडिलांनी उठून आपली किल्ली मेजावर ठेविली. दुसरी किल्ली त्या दिवशी आली नाही. अजून आली नाही, म्हणून हे लिहीत आहो.

इफिसला कोणी शत्रूने एका दिवसात गाडले नाही. लुटारू आले, भूकंप झाले, तरी नगर पुन्हा उभे राहिले. त्यास संपविले ते गाळाने. कायस्तर नदी दर पावसाळ्यास डोंगरउतारांची थोडी माती आणी आणि बंदराच्या मुखाशी टाकी. हेड्रियन बादशहाने नदीचा प्रवाह वळवून पाहिला. तेवढ्यापुरते बंदर चालू राहिले. पुढे पुन्हा गाळ. ज्यांनी उन्हाळ्यात सिद्धेश्वर धरणाचे पाणी ओसरलेले पाहिले आहे त्यांस ठाऊक आहे की गाळ आवाज न करिता येतो. एका वर्षी दिसत नाही, आणि दिसू लागतो तेव्हा फार झालेला असतो. जहाजे येईनाशी झाली, व्यापार गेला, दलदलीतून हिवताप आला, वस्ती टेकडीकडे सरकली. आज समुद्र तेथून कित्येक किलोमीटर दूर आहे. मंदिराच्या जागी पाणथळ जमीन असून तुकडे जुळवून उभा केलेला एकच खांब आहे. त्याच्या माथ्यावर करकोचे घरटे करितात.

पौल इफिसच्या वडिलांस शेवटचा भेटला तो इफिसला नव्हे, दक्षिणेस मिलेत बंदरात. ते कृत्यांच्या विसाव्या अध्यायात आहे. या आठवड्यात घरी सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावे. तीन वर्षे रात्रंदिवस अश्रू गाळीत आपण त्यांस बोध केला याची त्याने त्यांस आठवण दिली, कोणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरिला नाही हे आपले हात दाखवून सांगितले, आणि मग गुडघे टेकून सर्वांसह प्रार्थना केली. त्याचे मुख पुन्हा दिसणार नाही म्हणून ते फार रडले, त्याच्या गळ्यात पडले, आणि त्यास जहाजापर्यंत पोहोचवावयास गेले. ते बंदरही दुसऱ्या एका नदीच्या गाळाने बुजले आहे. ज्या पाण्यावर ते जहाज उभे होते तेथे आज शेते आहेत, आणि त्या शेतांत, आपल्याकडे असते तशीच, कपाशी उभी असते.